मिस्त्री आणि मिसबाईंची तीनचाकी

मिस्त्रीबद्दल चांगलं बोलणारी माणसं नगरात आजही सापडतील. नागापूरच्या वर्कशॉपांमधून तर त्याची आठवण निघाली की लोक हातातलं काम थांबवून बोलू लागतात. त्यांनी जरूर बोलावं. माझ्याकडून मात्र तशी अपेक्षा ठेवू नये. मी त्या माणसावर वर्षानुवर्षं जळलो. तो जाऊनही आता बराच काळ लोटला, पण ते सगळं मिटलं असं मी शपथेवर सांगणार नाही.

तोंडावर मी त्याला ‘अहो मिस्त्री’ म्हणत असे. मनात अरे-तुरेच चाले. इथे मनातलंच लिहितो आहे.

तो राजूरच्या बाजूचा, डोंगरातल्या कुठल्याशा वाडीचा. माझे वडील रेल्वेत फिटर होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांच्या हाताखाली तो खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागला तेव्हा मी शाळेत होतो. लग्न नाही, मागे पुढे कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचा, ओट्यावर बसायचा आणि अण्णा त्याला शिकवायचे. शिकवताना अण्णांचा आवाज बदलायचा. मला गणित घालताना तो तसा कधी झाला नाही.

फिटरकी शिकणाऱ्याला सुरुवातीला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देतात आणि कानशीनं घासून त्याचा काटकोनी ठोकळा करायला सांगतात. मग त्यावर गुण्या ही काटकोनी पट्टी लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला तर ठोकळा वाकडा. मे महिन्याच्या सुट्टीत मी हट्टानं असा ठोकळा घासला. पंधरा दिवस खपलो, हाताला फोड आले. अण्णांनी गुण्या लावला, उजेडाकडे धरला, आणि ठोकळा खिडकीत ठेवून दिला. एक शब्द नाही. त्याच खिडकीत मिस्त्रीचा ठोकळा होता. तो अण्णा आल्यागेल्याला दाखवायचे.

पुढे मी डिप्लोमा केला. मिस्त्री तोवर रेल्वे सोडून नागापूरला एका शेठच्या वर्कशॉपमध्ये लागला होता. तिथे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग होत. योगायोग असा की मलाही नोकरी तिथेच मिळाली, सुपरवायझरची. म्हणजे कागदावर मी त्याचा साहेब झालो. पहिल्या दिवशी घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, की उद्यापासून मिस्त्री माझ्या हाताखाली. अण्णा म्हणाले, “बरं झालं. काही अडलं तर त्याला विचार.”

हे ‘मिस्त्रीला विचार’ मी किती वेळा ऐकलं असेल! सायकलची चेन पडली, मिस्त्रीला विचार. सावेडीत प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं, फाटकाच्या बिजागऱ्या कुठल्या बसवू? मिस्त्रीला विचारलंस का? माझ्या लग्नात मांडवाचा एक बांबू कलला, तेव्हाही अण्णांनी व्याह्यांसमोर हाक मारली ती मिस्त्रीलाच.

आता त्याचे चाळे सांगतो. खाकी शर्टाच्या दोन खिशांत दोन फडकी असत, एक स्वच्छ आणि एक मळकं, आणि त्यांची अदलाबदल कधी झाली नाही. मोजमाप घ्यायला सुतळी, तिला गाठी मारलेल्या. मशीन उघडलेलं असेल तर त्याच्यासमोर तो चहाचा घोटसुद्धा घेत नसे. “उघड्या मान्सापुढं कुनी खातं व्हय?” असं विचारायचा. वर्कशॉपमध्ये चहा आला की सगळे प्यायचे आणि हा गडी तोंड फिरवून बसायचा. शेठ यावर हसत, पण कौतुकानं. मी जेवणाची सुट्टी दोन मिनिटं लांबवली तर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडे.

मशीनचा आवाज ऐकायची त्याची तऱ्हा म्हणजे पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि दांडी दातांत धरायची. डोळे मिटून घ्यायचा. मग म्हणायचा, “बेरिंग गेलंय. मागलं.” उघडलं की मागचंच बेरिंग गेलेलं. एकदा सगळे जेवायला गेलेले पाहून मी तो प्रयोग करून बघितला. इंजिनानं असा हिसका दिला की माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. अक्रोड फोडताना तुटला असं मी घरी सांगितलं.

पण त्याची खरी तऱ्हा वेगळीच होती. दुरुस्तीला काहीही आलं तरी पहिल्या दिवशी तो त्याला हत्यार लावत नसे. रॉकेलचा बोळा घेऊन नुसता पुसत बसायचा. निघालेली घाण कागदाच्या पुड्यांत बांधायचा, इथली वेगळी, तिथली वेगळी, आणि पुडीवर खडूनं काहीतरी खूण करायचा, कारण लिहिता येत नव्हतं. मग, मशीन अजून उघडलेलं नसल्यानं, शेजारी बसून भाकरी खायची आणि विचारायचं, “ह्ये कोन वापरत हुतं?” मला या प्रश्नाची फार चीड होती. पंप कोण वापरत होतं याच्याशी पंपाचा काय संबंध?

तीनचाकी आली ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी तळाला गेलेल्या, तेव्हा पंप कोण घेणार? वर्कशॉपमध्ये काम नव्हतं. शेठनं एका जुन्या बंगल्याच्या आउटहाऊसमधलं भंगार उचललं होतं, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, लोभानं. ट्रक रिकामा करताना कडब्याखालून ती निघाली.

गाडी म्हणावी तर गाडी, नाहीतर काहीही. पुढे एक चाक, मागे दोन. सायकलीसारखे आरे, पण जाड. बसायला वेताची गंजलेल्या पट्ट्यांवर टेकलेली बैठक, तिच्याभोवती पत्रा आणि फळ्या. कडेला एका सिलिंडरचं एवढंसं इंजिन. पुढच्या चाकापासून एक लांब दांडा थेट मांडीपर्यंत आलेला, नांगराच्या रुमण्यासारखा. उजव्या हाताला आणखी एक दांडा, उभा. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, पट्टी नाही.

मी एक फेरी मारली आणि निकाल देऊन टाकला. “घरगुती आहे, शेठ. लष्करी छावणीतल्या भंगारातून कुणीतरी हौशी माणसानं जोडलेली. माझ्या संचातला एकही पाना हिच्या नटाला बसत नाही, यावरूनच ओळखा.”

शेठला पटलं. ते म्हणाले, चालू करून बघा, नाहीतरी हात रिकामेच आहेत. मिस्त्री रॉकेलचा बोळा घेऊन खाली बसला. तो दिवस पुसण्यात गेला. दुसरा दिवसही गेला. आठवडी सुट्टी आली तेव्हा त्याच्याजवळ सात-आठ पुड्या जमल्या होत्या आणि एक नटसुद्धा ढिला झालेला नव्हता.

त्या सुट्टीच्या दिवशी मी एकटा वर्कशॉपमध्ये गेलो. मिस्त्रीच्या आधी मला ती चालू करायची होती. दुसरा काहीही हेतू नव्हता. सकाळपासून राबलो. कार्ब्युरेटर साफ केला, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट घासले, नवा प्लग बसवला. उजवीकडचा तो उभा दांडा सारखा कोपराला लागत होता. मागे ओढला की आधी क्लच सुटे आणि आणखी ओढला की ब्रेक लागे. असली अडाणी रचना कुणी केली म्हणून मी हसलो. गाडीला ब्रेक पायात हवा, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. करवत घेतली आणि दांडा मुळाशी कापून टाकला. फळीला भोक पाडून एका मोडक्या स्कूटरचं पेडल बसवलं. दुपार टळायच्या आत इंजिन फटफटायला लागलं. तिथे कुणी नव्हतं, तरी मी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत ती चालू केली. शेठनं पाठ थोपटली. मिस्त्री सगळ्यांच्या मागे उभा होता. पुढे आला, वाकला, पेडल पाहिलं.

“ह्यो कुनाच्या पायासाठी, सायेब?”

“चालवणाऱ्याच्या.”

“चालवनाऱ्याला पाय न्हवतं.”

मिस्त्रीनं स्वच्छ फडक्यानं फळी पुसली. “ही फळी बगा. रंग हाय तसा हाय. इतकी वर्सं गाडी चालली, टायर झिजलं, मुठीचं रबर झिजून आतलं लोखंड दिसाय लागलं. आन पायाखालच्या फळीला एक चरा न्हाई. कुनी पाय दाबलाच न्हाई हितं. पाय नुसतं ठेवल्यालं.”

मी म्हणालो, “असेल. एखाद्या लंगड्या माणसानं घरी बनवून घेतली असेल.”

“घरची न्हाई ही.” त्याचा आवाज चढला नाही, एवढंच मला आठवतं. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “घरी गाडी बनवनारा बाजारातला बोल्ट लावनार. मिळंल त्यो लावनार. म्हंजी एकाला एक, दुसऱ्याला दुसरा. हिचं सगळं बोल्ट एकाच जातीचं हायेत, आन त्यातला येकबी आपल्या बाजारात मिळत न्हाई. तुमचा पाना बसला न्हाई, त्ये त्याच्यामुळंच. ही कारखान्यातली हाय. लांबच्या.”

माझाच पुरावा त्यानं उचलून माझ्यावर उलटवला, आणि तोही माझी बाजू घेतल्यासारखा. मला वाटलं, हाच पाना याच्या डोक्यात घालावा.

मग त्यानं पुड्या उघडल्या. बैठकीच्या वेतातून निघालेली पुडी पांढरी होती. खडूची भुकटी. आणि तिच्यात केसांच्या सहा-सात पिना. “मास्तरीनबाई हुत्या कुनीतरी,” तो म्हणाला.

शेठला आता चेव आला. त्या बंगल्याजवळच्या मिशनच्या वस्तीत एक म्हाताऱ्या निवृत्त शिक्षिका राहत होत्या. जुनं काही विचारायचं तर लोक त्यांच्याकडे जात. शेठनं आम्हा दोघांना त्यांच्याकडे धाडलं. बाई तुळशीच्या काढ्याला आधण ठेवत होत्या. मिस्त्रीनं एकही प्रश्न न विचारता, “तीनचाकी गाडीत घावलं,” एवढंच म्हणून पुडी त्यांच्या पुढ्यात उघडली. बाईंनी एक पिन उचलली आणि खिडकीकडे धरली.

“आमच्या मिसबाईंची रे ही! फार पिना पडायच्या त्यांच्या. आम्हा मुलींना शोधायला लावायच्या.” मग म्हणाल्या, “गाडी आहे अजून?”

मिसबाई म्हणजे मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या मुख्य बाई, इंग्लंडहून आलेल्या. लहानपणच्या दुखण्यानं त्यांचे पाय गेलेले. तिकडे लढाईत पाय गमावलेल्या शिपायांसाठी अशा गाड्या बनत, त्यांतली एक त्यांच्या भावानं बोटीनं पाठवली होती. चढ आला की मुली मागून ढकलायच्या. बाईंनी डोळे पुसले आणि काढा आम्हाला दिला. मिस्त्रीनं तो घेतला नाही. तिकडे वर्कशॉपमध्ये गाडी अजून दांडा तुटून उघडी पडली होती ना!

परत येताना आम्ही दोघे सायकलींवर होतो. दिल्ली दरवाजा ओलांडल्यावर मिस्त्री म्हणाला, “म्हंजी आपल्या अण्णांना बरूबर हुईल.”

मला इथे थांबून एक सांगायला हवं. मुद्दामच उशिरा सांगतो आहे, कारण मलाही ते उशिरा आठवलं. त्याआधी दोन वर्षं अण्णा कौलं सारखी करताना शिडीवरून पडले होते. कमरेखालचं अंग गेलं. हात मात्र पूर्वीसारखेच घट्ट. सावेडीच्या घरात व्हरांड्यात एका लाकडी खुर्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून ते रस्त्याकडे बघत. उचलून कुठे न्यायचं म्हटलं की चिडत. “मी काय धान्याचं पोतं आहे?” म्हणत. दोन वर्षांत ते फाटकाबाहेर गेले नव्हते.

पायांवाचून हातांनी चालवायची गाडी माझ्यासमोर आठ दिवस उभी होती. मी रोज संध्याकाळी घरी जाऊन अण्णांसमोर बसत होतो. दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात एकदाही पडली नाही. मिस्त्रीला पहिल्या दिवसापासून दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि ज्या एका दांड्यानं अण्णा ती गाडी थांबवू शकले असते, तो मी कापून टाकला होता.

मी धावत वर्कशॉपच्या मागे गेलो. कापलेला तुकडा बिडाच्या ढिगाबरोबर भट्टीवाल्याकडे गेलेला होता. मी तिथेच उभा राहिलो. मला वाटलं, आता हा अण्णांना सांगणार. आणि खरं बोलायचं तर त्या क्षणी मला अण्णांच्या गाडीपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

मिस्त्री मागून आला. “गेलं त्ये बरं झालं,” म्हणाला. “त्यो बाईच्या हाताच्या मापाचा हुता. अण्णांचा हात लांब. नवाच करावा लागला असता.”

म्हणजे माझी चूकसुद्धा यानं कामाला लावली. मला रागावायलाही जागा ठेवली नाही.

शेठनं हात झटकले. न्या म्हणाले, जागा तरी मोकळी होईल. मिस्त्री आमच्याकडे आला, अण्णांशी पावसाच्या गप्पा मारता मारता म्हणाला, “जरा हात लांब करा,” आणि सुतळीला गाठ मारली. अण्णांनी का म्हणून विचारलं नाही. मी हात लांब करायला सांगितलं असतं तर दहा प्रश्न आले असते.

दांडा त्यानं तापवून, ठोकून, घासून केला. चार दिवस. मी शेजारी उभा राहून बघत होतो. कानस त्याच्या हातात अशी जाई की मला खिडकीतला माझा ठोकळा आठवे. लोखंडी वाकणावर कुठे टोक नाही, खाच नाही. मी काहीतरी करायला मागितलं तेव्हा त्यानं मला काळ्या रंगाचा डबा दिला. दांड्याला दोन हात रंग मी दिला. पेडल मात्र माझं मीच काढलं आणि फळीचं भोक बुजवलं.

गाडी घरी आणली ती सकाळची वेळ. मिस्त्रीनं बैठक बरोबर अण्णांच्या खुर्चीएवढी उंच केली होती. त्यानं गाडी खुर्चीला लावली आणि दोन पावलं मागे सरला. मी अण्णांना धरायला पुढे गेलो तर त्यानं मला दंडाला धरून थांबवलं. अण्णांनी दोन्ही हात टेकले, सरकले आणि बसले. कुणाचा हात लागला नाही. त्यांनी पुढचा दांडा हलवून पाहिला, उजवा मागे ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मिस्त्रीनं इंजिनाचं हँडल मारून इंजिन चालू केलं.

“थांबायचं आसंल तर निस्तं ओढा,” तो म्हणाला.

अण्णा फाटकाबाहेर पडले. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी आलेले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि अर्धा तास आली नाही. माझी बायको रडायच्या बेताला आली, मी चपला न घालता रस्त्यावर निघालो. मिस्त्री कट्ट्यावर बसून दोन्ही फडकी घडी करत होता.

अण्णा आले ते हसत. मनमाड रस्त्यावरच्या हॉटेलापर्यंत गेले होते. हॉटेलवाल्यानं गाडीत चहा आणून दिला होता. दोन वर्षांनी त्यांनी घराबाहेरचा चहा प्यायला होता, आणि तो किती गोड होता तेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मग त्यांनी उजव्या दांड्यावरून हात फिरवला.

“मिस्त्री, हा तू केलास?”

“न्हाई, सायबांनी केला,” मिस्त्री म्हणाला. “मी निस्तं माप दिलं.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला जवळ बोलावलं. मी गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि मला शिकवताना कधी न आलेला तो आवाज आला. “हात बसला रे तुझा. मला वाटत होतंच, एक दिवस बसणार.”

मी खरं सांगायला हवं होतं. मिस्त्री समोर उभा होता, बायको दारात होती, कुंपणापाशी लोक होते. मी “हो अण्णा” म्हणालो.

मिस्त्री सायकल घेऊन निघाला तेव्हा मी त्याला फाटकाबाहेर गाठलं. मला त्याचा इतका संताप आला होता की मी त्याच्या सायकलचं हँडलच धरलं. “खोटं का सांगितलंत? भीक घातलीत मला?”

त्याला आश्चर्य वाटलं. खरोखरच वाटलं. “भीक कसली, सायेब? आवो, अण्णांना लई दिसांपास्नं तुमाला आसं काय तरी बोलायचं हुतं. माज्यापशी सतरांदा बोलत्यात. तुमच्यापुढं तोंड उघडायला निमित्त घावत न्हवतं. आज घावलं.”

आणि तो पायडल मारून निघून गेला.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं ती गाडी चालवत होते. तो दांडा मी केला असंच ते शेवटपर्यंत सांगत राहिले, आल्यागेल्याला दाखवत राहिले. माझ्या बापाच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते मला एका घरात राहून चाळीस वर्षांत कळलं नाही, आणि त्या माणसाला ते ओट्यावर बसून ठाऊक होतं. बाकी सगळं मी त्याला माफ केलं असतं.